दोन टेक्स्ट एन्कोडर मिसळले तर रंग उडतात, नथ मात्र येत नाही. नक्की काय कशात मिसळायचं?

हिरवा_चुडा

नमस्कार मंडळी,

मी इचलकरंजीत लग्नपत्रिका करून देते. हल्ली गिऱ्हाइकाला पत्रिकेवर नवरा-नवरीचं कार्टूनसारखं चित्र हवं असतं, आणि तेही आपल्या पद्धतीचं. नऊवारी, मुंडावळ्या, नथ, मधे अंतरपाट, सगळं. हाताने चित्रं काढून देणारा मुलगा पुण्याला अ‍ॅनिमेशन शिकायला गेला, तेव्हापासून माझी आणि कॉम्फीयूआयची, म्हणजे लिहिलेल्या वर्णनावरून चित्र काढून देणाऱ्या प्रोग्रामची, गाठ पडली आहे. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं.

माझ्याकडे दोन चेकपॉइंट (शिकवून तयार केलेली चित्रं काढणारी मॉडेल) आहेत, दोन्ही एसडीएक्सएल या मूळ मॉडेलवरून केलेली. एक पोनी व्ही६ नावाच्या मॉडेलच्या वंशातलं, चित्रशैलीचं. रेघ सुंदर, रंग पत्रिकेला शोभतील असे. पण नऊवारी मागितली की लेहेंग्यासारखा घोळ येतो, काष्ट्याचा पत्ता नाही. मुंडावळ्यांचा मुकुट होतो आणि नथीच्या जागी नाकात एक बारीकशी तार. दुसरं चेकपॉइंट फोटोसारखी चित्रं देतं. त्याला साडी बरीच कळते, काष्टासुद्धा अधूनमधून जमतो, पण पत्रिकेला फोटो नको असतो ना.

शब्द समजून घ्यायचं काम टेक्स्ट एन्कोडरचं, असं वाचलं होतं. म्हणून पोनीवाल्याचा यूनेट (चित्र काढणारा भाग) तसाच ठेवला आणि दोन्हींची क्लिप, म्हणजे टेक्स्ट एन्कोडर, 'क्लिप मर्ज सिंपल' नोडमधून (कॉम्फीतल्या ठोकळ्यातून) मिसळली. पोनीवाली क्लिप वर जोडली, फोटोवाली खाली. रेशो ०.५ ठेवला तर रंग धुतल्यासारखे फिके, चेहरे सपाट. ०.३ ला त्याहून वाईट. ०.८ ला चित्र पुन्हा छान, पण नथ नाहीच.

तर योग्य रेशो कोणता? आणि एसडीएक्सएलमध्ये मुळातच दोन एन्कोडर असतात म्हणे. मग मी दोन मिसळतेय की चार? भाची म्हणते फ्लक्स नावाच्या दुसऱ्या मॉडेलमध्येही दोन असतात, ते एकमेकांत मिसळता येतील का?

---

रात्रपाळी

ताई, रेशो म्हणजे पहिल्या, वरच्या क्लिपचा वाटा. १.० म्हणजे फक्त वरची, ०.० म्हणजे फक्त खालची. त्यामुळे ०.३ ला तुमच्याकडे सत्तर टक्के फोटोवाली येत होती, चित्र बिघडणारच. मी ०.८५ च्या खाली जात नाही.

क्लिप स्किप २, म्हणजे एन्कोडरचं उत्तर शेवटून दुसऱ्या थरावरून घेणं, ठेवलंय का? पोनीला ते लागतंच. 'क्लिप सेट लास्ट लेयर' नोडमध्ये -२ टाका.

---

जुळारी

रात्रपाळी, रेशोची दिशा बरोबर. पण कॉम्फीत एसडीएक्सएलसाठी -२ टाकणं म्हणजे आहे तेच पुन्हा सांगणं. एसडीएक्सएलचे दोन्ही एन्कोडर तिथे मुळातच शेवटून दुसऱ्या थराचं उत्तर देतात. तो नोड नसला तरी काही बिघडत नाही, बिघडतं ते कोणी -१ टाकलं तर. हा सल्ला एसडी १.५ या जुन्या मॉडेलच्या दिवसांतला, तेव्हा तो खरोखर लागायचा.

हिरवा चुडा ताई, तुमचा शेवटून दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

'दोन एन्कोडर मिसळले' असं म्हणून लोक तीन निरनिराळी कामं करतात आणि मग एकमेकांचे सल्ले एकमेकांना लागू पडत नाहीत.

पहिलं काम म्हणजे दोन एन्कोडर शेजारी-शेजारी वापरणं. एसडीएक्सएल जुलै २०२३ मध्ये आलं तेच अशी जोडी घेऊन. एक ओपनएआयचा क्लिप व्हीआयटी-एल, दुसरा ओपनक्लिपचा व्हीआयटी-बिगजी. आपण एल आणि जी म्हणू. प्रॉम्प्टच्या (चित्रासाठी लिहिलेल्या वर्णनाच्या) प्रत्येक टोकनासाठी, म्हणजे शब्दासाठी किंवा त्याच्या तुकड्यासाठी, एल ७६८ आकडे देतो, जी १२८० देतो, आणि ते एकापुढे एक ठेवून २०४८ आकड्यांची पट्टी होते. इथे सरासरी कुठेच नाही, नुसती जोडणी आहे. शिवाय जी संपूर्ण वाक्याचा मिळून १२८० आकड्यांचा एक गोषवारा वेगळा देतो, तोही यूनेटला जातो. एल आणि जी यांची आपसात सरासरी काढता येत नाही. एकाचे १२ थर, दुसऱ्याचे ३२, रुंदीही वेगळी.

म्हणजे तुम्ही चार एन्कोडर मिसळताय, पण जोडीजोडीने. पोनीचा एल फोटोच्या एलमध्ये, पोनीचा जी फोटोच्या जीमध्ये. हे दुसरं काम, वेट्सची (मॉडेलने शिकून साठवलेल्या आकड्यांची) सरासरी. तुमचा नोड हेच करतो, वरच्याचं वेट गुणिले रेशो अधिक खालच्याचं वेट गुणिले उरलेला वाटा, प्रत्येक आकड्यासाठी. एवढ्या गावठी हिशोबाने काही चांगलं बाहेर येतं याचंच मला पहिल्यांदा नवल वाटलं होतं. २०२२ मध्ये 'मॉडेल सूप्स' नावाचा शोधनिबंध आला, त्यात एकाच पूर्वप्रशिक्षित मॉडेलला वेगवेगळ्या तऱ्हेने पुढे शिकवून मग त्यांच्या वेट्सची सरासरी घेतली होती, आणि ती अनेकदा त्यातल्या सर्वांत चांगल्या एकट्या मॉडेलपेक्षा सरस ठरली. ग्यानबाची मेख 'एकाच' या शब्दात आहे. एकाच कागदी बेतावरून बेतलेले दोन झगे असले की एकाची बाही दुसऱ्याला बसते, शिवणीवर शिवण येते. बेत वेगळा असेल तर दोन्ही झगे कितीही सुंदर असोत, जोडून पोतेरंच होणार. तुमची दोन्ही चेकपॉइंट एसडीएक्सएलच्या बेतावरची आहेत, म्हणून ०.५ ला निदान चित्र तरी आलं.

तिसरं काम, एन्कोडरला हात न लावता त्यांच्या उत्तरांची सरासरी काढणं. प्रॉम्प्ट दोन्ही क्लिपमधून वेगवेगळा एन्कोड करायचा आणि मिळालेली दोन उत्तरं, म्हणजे दोन कंडिशनिंग, 'कंडिशनिंग अ‍ॅव्हरेज'मध्ये घालायची. वेट्सच्या सरासरीपेक्षा हे तपासायला सोपं, कारण प्रॉम्प्टगणिक वाटा बदलता येतो आणि क्लिप मोडून ठेवावी लागत नाही. नावावरून भुलून 'कंडिशनिंग कम्बाइन' मात्र घेऊ नका. तो दोन्ही प्रॉम्प्टसाठी यूनेट वेगवेगळा चालवून त्यांची उत्तरं एकत्र करतो. प्रत्येक पायरीला वेळ वाढतो आणि परिणामही निराळा.

आता रंग का उडाले. तुमच्या यूनेटने शिकताना जी पट्टी वाचली ती त्याच्या स्वतःच्या एन्कोडरने लिहिलेली होती. पोनी व्ही६ च्या वेळी एन्कोडरही बरोबर शिकवला गेला, आणि थोडाथोडका नाही. 'स्कोअर ९', 'स्कोअर ८ अप' ही चित्राचा दर्जा सांगणारी जी शेपटं प्रॉम्प्टच्या सुरुवातीला लावावी लागतात, त्यांना मूळ एसडीएक्सएलमध्ये काही अर्थ नाही. एन्कोडर आणि यूनेट या दोघांनी मिळून तो अर्थ ठरवला. फोटोवाल्याच्या एन्कोडरला तो करार ठाऊकच नाही. तो अर्धा घुसवलात की 'स्कोअर ९' चा जोर निम्म्यावर आला. तुमचे रंग आणि रेखीवपणा त्या जोरावरच उभे होते. रेशो बदलून हे सुटत नाही, ०.८ ला चित्र परत आलं कारण करार बऱ्यापैकी शाबूत राहिला.

आणि नथ. जरा परखड बोलतो. एन्कोडर म्हणजे चित्रांचा शब्दकोश नव्हे. तो शब्दांचे आकडे करतो, चित्र यूनेट काढतो. फोटोवाल्याला काष्टा अधूनमधून जमतो ती करामत मुख्यतः त्याच्या यूनेटची, आणि तो तर तुम्ही बाजूलाच ठेवलात. फोटोची चेकपॉइंट घडवणारे पुष्कळदा एन्कोडरला हातही लावत नाहीत, मूळ एसडीएक्सएलचाच तसा ठेवतात. तसं असेल तर तुम्ही पोनीच्या एन्कोडरमध्ये 'साडीची समज' ओतत नव्हता, त्याचं शिक्षण पुसत होता.

एक चाचणी करा. फोटोवालं चेकपॉइंट त्याच्याच क्लिपसह, सीड (चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा) कायम, प्रॉम्प्टमध्ये फक्त नवरी आणि मुंडावळ्या. मग फक्त नवरी आणि नथ. मग फक्त नऊवारी. जे तिथेही येत नाही ते दोन्हींपैकी कोणालाच येत नाही, आणि जे दोघांनाही येत नाही ते कुठल्याही रेशोने येणार नाही.

---

हिरवा_चुडा

जुळारीकाका (काका म्हटलं तर चालेल ना?), चाचणी केली.

मुंडावळ्या: नाही. कपाळावर बिंदी-टिकलीसारखं काहीतरी येतं किंवा फुलांचा गजरा, कानांच्या बाजूने लोंबणाऱ्या माळा नाहीत. नथ: 'महाराष्ट्रीयन नथ' लिहिलं तर काही नाही, 'लार्ज पर्ल नोज रिंग ऑन लेफ्ट नॉस्ट्रिल' असं लांबलचक लिहिलं तर मोत्यांचं काहीतरी येतं, उजवी-डावी नाकपुडी त्याच्या मर्जीवर. नऊवारी: नुसत्या शब्दाने नाही, पण 'सारी ड्रेप्ड बिटवीन द लेग्ज लाइक ट्राउझर्स' लिहिलं की बऱ्याचदा काष्टा येतो, आणि चांगला येतो.

म्हणजे तिन्हींपैकी एकच गोष्ट खरी त्याच्याकडे आहे. मग ती तरी पोनीवाल्याकडे कशी न्यायची? दोन्ही यूनेटसुद्धा मिसळू का?

आणि मराठीत, देवनागरीत लिहिलं तर फरक पडेल का? विचारून ठेवते, हसू नका.

---

जुळारी

काका चालेल. वय तेवढं आहे, छापखान्यात खिळे जुळवले आहेत मी.

हसण्यासारखं काही नाही, उलट योग्य शंका आहे. क्लिपच्या टोकनांची यादी ४९,४०८ ची आणि ती इंग्रजी मजकुरावर बेतलेली. 'मुंडावळ्या' रोमन लिपीत लिहिलं तरी त्याचे तुकडे पडतात. देवनागरीत तर प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटांचं, म्हणजे एका शब्दात टोकनांचा ढीग, आणि त्या ढिगाला अर्थ म्हणावा असा काही नाही. एका वेळी टोकनांच्या ७७ जागा, त्यातल्या दोन सुरुवात-शेवटाच्या, उरल्या ७५. त्यापुढचा मजकूर कॉम्फी दुसऱ्या गठ्ठ्यात टाकतं. चार ओळी मराठीत लिहिल्या की अनेक गठ्ठे होतील आणि यूनेटच्या पदरात काहीच पडणार नाही. फ्लक्समधल्या टी५ या एन्कोडरची गत आणखी निराळी. त्याच्या यादीत देवनागरी नाहीच, प्रत्येक शब्द 'अनोळखी' या एकाच खुणेत जातो. तिथे ज्ञानेश्वरी लिहा नाहीतर वाण्याची यादी.

यूनेट मिसळायचे असतील तर मिसळा, 'मॉडेल मर्ज सिंपल' आहेच. पण मग क्लिपचा रेशोही त्याच्या आसपास ठेवा, म्हणजे वाचणारा आणि लिहिणारा एकत्र सरकतील. यूनेट ०.७ आणि क्लिप ०.८ असं काहीतरी. रेघेचा थोडा बळी जाईल.

त्याआधी एक स्वस्त गोष्ट करून बघा. एल आणि जी यांचे रेशो वेगळे ठेवा. कॉम्फीचा नोड एकच रेशो देतो, पण आडवाट आहे. मिसळलेली क्लिप 'क्लिप सेव्ह'ने जतन केली की तो एल आणि जी यांच्या दोन वेगळ्या फाइली करतो. एल साधारण २५० एमबीची, जी सुमारे १.४ जीबीची. पोनीची न मिसळलेली क्लिपही तशीच जतन करा. आउटपुटमधल्या त्या फाइली टेक्स्ट एन्कोडरच्या फोल्डरात हलवा आणि 'ड्युअल क्लिप लोडर'मध्ये प्रकार एसडीएक्सएल निवडून एक इथली, एक तिथली अशी जोडा. क्रमाची काळजी नको, कुठली एल आणि कुठली जी ते थर बघून त्याचं त्यालाच कळतं. पोनीचा जी अख्खा आणि एल मिसळलेला, अशी जोडी रंग सांभाळून थोडीफार हालचाल करू देते, असा माझा अनुभव. वाक्याचा गोषवारा जीकडून जातो, त्याला धक्का लागला नाही तर चित्राचा एकंदर बाज टिकतो.

कोण काय करतंय ते बघायचं असेल तर 'क्लिप टेक्स्ट एन्कोड एसडीएक्सएल' घ्या, त्यात एल आणि जीसाठी दोन वेगळ्या चौकटी असतात. एकीत काष्ट्याचं वाक्य, दुसरीत बाकीचं, मग उलट. अर्धा तास जाईल, पण मग अंधारात रेशो फिरवायची गरज उरत नाही.

---

रात्रपाळी

काका, सरळ सरासरीऐवजी फरक जोडला तर? फोटोवाल्या क्लिपमधून मूळ एसडीएक्सएलची क्लिप वजा करायची आणि जो फरक उरेल तेवढाच पोनीत घालायचा. 'क्लिप मर्ज सबट्रॅक्ट' आणि 'क्लिप मर्ज अ‍ॅड'. ऑटोमॅटिक या कॉम्फीसारख्याच प्रोग्राममध्ये आम्ही 'अ‍ॅड डिफरन्स' नेहमी वापरायचो.

---

जुळारी

हे सरासरीपेक्षा केव्हाही बरं. सरासरीत पोनीचं शिक्षण कापलं जातं, फरक जोडताना ते जागेवर राहतं आणि वर नवं चढतं. ताईंच्या बाबतीत एक गंमत होईल. फोटोवाल्याने एन्कोडर शिकवलाच नसेल तर वजाबाकी जवळजवळ शून्य येईल आणि चित्रात काहीच बदल दिसणार नाही. तसं झालं तर तेही उत्तरच आहे. एन्कोडरचा नाद सोडा म्हणून.

ऑटोमॅटिकचं नाव काढलंस म्हणून सांगतो, त्या काळातली जुनी मर्ज केलेली एसडी १.५ ची चेकपॉइंट कोणी अजून वापरत असेल तर जपून. एन्कोडरमध्ये 'पोझिशन आयडी' नावाची ० ते ७६ अशी साधी मोजणी असते. मर्ज करताना तिचीही सरासरी निघायची, ४१ चं ४०.९७ व्हायचं आणि पुढे अपूर्णांक छाटून ४०. मग त्या जागेचं टोकन चुकीच्या क्रमांकाने वाचलं जायचं. प्रॉम्प्टमधला एखादाच शब्द गुपचूप निकामी, आणि लोक बिचारे कंस वाढवत बसायचे. कॉम्फीचा नोड ही मोजणी मुद्दाम वगळतो.

---

बारा_गावचं_पाणी

सगळं वाचलं. जुळारींचं निदान पटलं, उपाय मात्र मी निराळा सुचवीन. मिसळूच नका.

काष्टा ही आकाराची गोष्ट आहे, रंगरेघेची नाही. चित्र गोंगाटातून पायरीपायरीने घडतं, त्याचा आकार पहिल्या काही पायऱ्यांतच ठरतो, रेघ आणि रंग नंतर बसतात. तेव्हा पहिल्या पायऱ्या फोटोवाल्याला द्या, पुढच्या पोनीवाल्याला, आणि दोघांनाही आपापला एन्कोडर आणि आपापल्या भाषेतला प्रॉम्प्ट. फोटोवाल्याला साधं वाक्य, पोनीवाल्याला 'स्कोअर ९' वगैरे टॅग. दोन्ही एसडीएक्सएल असल्यामुळे लेटंट (अर्धवट चित्राचं आतलं, आकड्यांतलं रूप) एकाच जातीचं. १०२४ बाय १०२४ चित्राचं १२८ बाय १२८, चार चॅनेलचं. ते मधेच डीकोड न करता एकाकडून दुसऱ्याकडे देता येतं.

या पायऱ्या चालवणारे दोन 'केसॅम्पलर अ‍ॅडव्हान्स्ड' लावा. दोन्हींत एकूण पायऱ्या ३०, सॅम्पलर आणि शेड्युलर सारखेच. पहिला ० पासून १० पर्यंत, त्यात 'रिटर्न विथ लेफ्टओव्हर नॉइज' चालू. दुसरा १० पासून शेवटापर्यंत, त्यात 'अ‍ॅड नॉइज' बंद. या दोन खटक्यांपैकी एक जरी उलटा राहिला तरी चित्र भाजल्यासारखं किंवा चिखलासारखं येतं. १० हा आकडा तुम्हाला हलवावा लागेल. कमी केला तर काष्टा सुटतो, वाढवला तर चेहरा फोटोचा व्हायला लागतो.

मेमरीचं म्हणाल तर एसडीएक्सएलचा एकेक यूनेट अर्ध्या अचूकतेत (१६ बिटांत) पाच जीबीच्या वर. दोन्ही एकदम १२ जीबीत आपापल्या एन्कोडरसकट बसणार नाहीत, पण कॉम्फी नको असलेला रॅममध्ये सरकवतं. थोडा वेळ जाईल, चालेल.

---

जुळारी

हे मला सुचायला हवं होतं अशातला भाग नाही, मला मर्जिंगच आवडतं. पण ताईंच्या कामाला हाच मार्ग बरा. एक भर घालतो. पोनीवाल्याच्या प्रॉम्प्टमध्ये काष्ट्याबद्दल अवाक्षर काढू नका. त्याला ते समजत नाही, आणि समजल्यासारखं करून तो पहिल्याने काढलेलं मोडतो.

---

हिरवा_चुडा

जमलं!! म्हणजे, काष्टा जमला. दहाव्या पायरीवर दोन पायांच्या मधून नीट मागे गेलेला, निऱ्या पुढे, आणि वर रेघ-रंग पोनीचे. बाराव्यावर नेलं तर नवऱ्याच्या चेहऱ्यावर दाढीचे खुंट दिसायला लागले, म्हणून परत दहावर. पदरावर मोर मागितला होता, तो कोंबड्यासारखा आला आहे, पण पत्रिकेच्या आकारात कोणाला दिसणार नाही.

काकांनी सांगितलेलं एल-जी वेगळं करूनही बघितलं. पोनीचा जी अख्खा, एल अर्धा-अर्धा. रंग खरंच गेले नाहीत. पण काष्टाही आला नाही, म्हणजे निदान तेच होतं. आणि फरक जोडायचा प्रकार केला तर चित्र हुबेहूब तेच राहिलं! म्हणजे माझ्या फोटोवाल्याचा एन्कोडर मूळचाच होता, नाही का?

आता मुंडावळ्या आणि नथ उरल्या. लोरा (मॉडेलला जोडायची छोटी पुरवणी) शिकवायचा विचार आहे. आमच्याकडेच लग्नं इतकी होतात की फोटोंना तोटा नाही. मुंडावळ्या काढून ठेवायच्या आत पटापट फोटो घेते. लोरा कशावर शिकवू? फोटोवाल्यावर की पोनीवाल्यावर?

आणि भाचीचा फ्लक्सचा प्रश्न राहिला.

---

जुळारी

हो, वजाबाकी शून्य आली म्हणजे तो एन्कोडर मूळचाच.

फ्लक्सचं आधी उरकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या फ्लक्समध्ये क्लिप एल आणि टी५ एक्सएक्सएल अशी जोडी आहे. टी५ प्रत्येक टोकनासाठी ४०९६ आकडे देतो आणि चित्राचा सगळा तपशील तिथून जातो. एलकडून फक्त वाक्याचा गोषवारा घेतात, ७६८ आकड्यांचा. दोघांची घडणच वेगळी, आपसात सरासरी अशक्य. भाचीला एवढं करता येईल, क्लिप एलच्या जागी एलचीच कोणी पुढे शिकवलेली आवृत्ती लावणं, किंवा तशा दोन एलची सरासरी. फरक पडेल, पण हलका. आणि लाँग क्लिप (लांब मजकुरासाठीची क्लिप) मिसळायला जाऊ नका. त्याच्या जागा २४८, साध्याच्या ७७. कॉम्फी टर्मिनलवर आकार जुळत नसल्याचा इशारा देईल, ते एक वेट सोडून देईल आणि बाकीचं निमूट मिसळेल. टर्मिनल कोणी वाचत नाही, ही आणखी एक रड.

१२ जीबीवर टी५ ची पूर्ण फाइल घेऊ नका, ती जवळजवळ १० जीबीची आहे. ८ बिटांची निम्म्यात मिळते.

आता लोरा. नथ आणि मुंडावळ्या बारीक गोष्टी, त्या उशिराच्या पायऱ्यांत ठरतात, म्हणजे तुमच्या मांडणीत पोनीवाल्याच्या वाट्याला येतात. तेव्हा पोनीवाल्यावर शिकवा. फक्त यूनेट शिकवा, एन्कोडर नको. शिकवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये तशी निवड असते. एन्कोडरही शिकवलात तर लोरा तुमच्या क्लिपमध्येही हात घालेल आणि इतक्या खटपटीने सांभाळलेले रंग पुन्हा हलतील. कोणाचा तयार लोरा आणलात तर 'लोरा लोडर'मध्ये 'स्ट्रेंग्थ क्लिप' शून्य करून आधी बघा, मग हळूहळू वाढवा.

---

बारा_गावचं_पाणी

फोटो पंचवीस-तीस पुरेत, पण बाजू बदलून घ्या. समोरून, डावीकडून, उजवीकडून, मान खाली घातलेली. नथ डाव्या नाकपुडीत असते, म्हणून शिकवताना चित्र आडवं उलटवण्याचा पर्याय बंद ठेवा. नाहीतर निम्म्या फोटोंत ती उजवीकडे जाईल. मुंडावळ्यांसाठी केस बांधलेल्या नवरीचे आणि फेटा घातलेल्या नवऱ्याचे वेगळे फोटो हवेत. आणि ज्यांचे फोटो घ्याल त्यांना आधी विचारा. पत्रिका केली म्हणजे चेहरा वापरायची परवानगी मिळाली असं होत नाही.

---

हिरवा_चुडा

परवानगीचं बरोबर. पत्रिकेच्या पावतीवर तशी ओळ छापून घेते, हो म्हणतील त्यांचेच फोटो घेईन, आणि चेहरा कापून नाक-कपाळाचाच भाग ठेवला तर चालेल का तेही बघते. उलटवण्याचं तर लक्षातच आलं नसतं.

पुढच्या आठवड्यात तीन लग्नं आहेत. फोटो जमले की लोरा शिकवायला लावते आणि इथेच कळवते.